जाबदार माहुलीला पोचले

माणूस गेला हे सांगायला मराठीत शब्दांची कमतरता नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात चोवीस वर्षं काढली आहेत. वारले, निवर्तले, निधन पावले, कालवश झाले, देवाघरी गेले, असे दोन डझन शब्द मी कोशाचं कपाट न उघडता सांगू शकते. पण बाबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मिरजेला बादशहाचाचांना फोन लावला आणि पलीकडून "हां, बोल पोरी" असं ऐकू आलं, तेव्हा त्या दोन डझनांतला एकही कामाला आला नाही. मी एवढंच म्हणाले, "चाचा, बाबा माहुलीला पोचले."

साताऱ्यात हे वाक्य कुणालाही कळतं. माहुलीला कृष्णा आणि वेण्णेचा संगम आहे आणि संगमावर स्मशान आहे. 'माहुलीला नेलं' म्हटलं की पुढे एकच प्रश्न उरतो, आणि चाचांनीही तोच विचारला.

"कवा?"

"काल दुपारी."

फोन माझ्या कानापासून आपोआप दूर जाईल एवढ्या मोठ्यानं आवाज आला, "शक्यच न्हाई! परवा सुभेदार ताकारीत अडकला हुता. मी सोता पाणी सोडलंय तितं! एका दिसात माहुली? फाऊल हाय ह्यो. हरकत घेतो मी. तोंडी न्हाई, लेखी घेतो!"

आणि चाचा हसायला लागले. मनापासून, खोकला येईपर्यंत.

आता माहुलीचा दुसरा अर्थ सांगायला हवा. साताऱ्याचं रेल्वे स्टेशन साताऱ्यात नाही, माहुलीजवळ आहे. गाडीतून उतरलेला नवखा माणूस 'सातारा' ही पाटी वाचून खूश होतो आणि मग सातारा शोधायला रिक्षा करतो. बाबांना हे कधीच पटलं नाही. सैन्यात सिग्नलमध्ये अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार झालेल्या माणसाला चुकीच्या ठिकाणी लावलेली पाटी हा गुन्हा वाटे. ते त्या स्टेशनला शेवटपर्यंत माहुलीच म्हणत.

अकरा वर्षांपूर्वी ते मिरजेहून डॉक्टरला दाखवून परत येत होते. समोरच्या बाकावर कापडात गुंडाळलेला तंबोरा मांडीवर घेतलेले एक गृहस्थ होते, तेच हे बादशहाचाचा. ताकारीला गाडी क्रॉसिंगसाठी थांबली ती दोन तास हललीच नाही. पहिल्या तासात दोघांनी रेल्वेला शिव्या दिल्या. दुसऱ्या तासात असं निघालं की दोघेही दिल्लीच्या मेट्रोत बसून आलेले आहेत. एक बदलीवर असताना आणि एक तंबोरा पोचवायला गेला असताना. गाडी हलली तोवर सातारा ते सांगली-मिरज भुयारी रेल्वेची आखणी पूर्ण झाली होती. जमिनीवरचं क्रॉसिंगच नको.

त्या आखणीचा पुढे खेळ झाला. त्याचं नाव 'भुयारी'. रोज सकाळी नऊ वाजता फोन. एकानं भुयारातल्या स्टेशनाचं नाव घ्यायचं, दुसऱ्यानं पुढचं. चाचांनी मिरजेहून माहुलीकडे यायचं, बाबांनी साताऱ्यातून निघून मिरजेपर्यंत जाऊन परत यायचं, आणि जो आधी 'माहुली' म्हणेल तो जिंकला. ऐकायला सोपं आहे. पण नियम खेळता खेळता करायची मुभा होती, आणि ते एका निळ्या वहीत लिहून ठेवायची जबाबदारी बाबांची. द्राक्षबागेखालून जाताना शिट्टी वाजवायची नाही, घड हलतात. विहीर आडवी आली तर एक चाल थांबायचं आणि पाणी प्यायचं. मागं जाता येत नाही, पण झोप लागल्यामुळं मागं गेलो असं म्हणता येतं. ज्यानं सकाळची गोळी घेतलेली नाही त्याची चाल बाद. नियम क्रमांक एकेचाळीस: नियम क्रमांक चाळीस कुणी वाचला असेल तर तो रद्द समजावा.

पोवई नाक्यावर खालून जाणारा रस्ता झाला तेव्हा बाबांनी गल्लीत पेढे वाटले होते. "पहिला टप्पा झाला," असं त्यांनी चाचांना कळवलं. चाचांनी विचारलं, "रूळ कवा टाकत्यात?"

अकरा वर्षांत कुणीही जिंकलं नव्हतं. कुणी माहुलीच्या जवळ आलं की दुसरा नवा नियम काढायचा. शेवटच्या आठवड्यात बाबा परतीच्या वाटेवर ताकारीत अडकले होते, कारण चाचांनी उपसा योजनेचं पाणी भुयारात सोडलं होतं. रविवारी संध्याकाळी बाबा मला म्हणाले, "नंदा, ताकारीतनं भाईर पडायला काय सुचतंय का बघ."

मी वार्षिक अहवाल तपासत होते. म्हणाले, "बाबा, मला कामं आहेत."

सोमवारी सकाळी चहा पितानाच ते गेले.

तर, चाचा हसत होते आणि मी फोन धरून उभी होते. खरं सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. तेवढ्यात त्यांची सून शाहजादी हिनं फोन घेतला. "ताई, जरा थांबा," म्हणून ती बहुतेक स्वयंपाकघरात गेली. मी तिला सांगितलं. नळ सोडल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "ताई, काल अब्बांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. डॉक्टरनी सांगितलंय, पंधरा दिवस वाकायचं न्हाई, जड उचलायचं न्हाई, आन डोळ्यात पाणी येऊ द्यायचं न्हाई. कांदासुदिक त्यांच्या म्होरं चिरत न्हाई मी."

"मग?"

"मग काय. पंधरा दिस काढा. आवं, तुमचं कळतंय मला. पर एकच डोळा हाय त्यांना. दुसरा आधीच गेलाय."

मी विचारलं, "तू रडतेस का?"

"माझं ऑपरेशन न्हाई झालं," शाहजादी म्हणाली.

अशा रीतीनं, आयुष्यात लायब्ररीचं कार्डसुद्धा खोट्या सहीनं न दिलेली मी, पंधरा दिवसांच्या खोटेपणाला बांधली गेले. मी मुळात खोटं बोललेच नव्हते, ही यातली सगळ्यात अपमानाची बाब. मी पूर्ण सत्य सांगितलं होतं आणि ते फाऊल ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता बाबांचा फोन वाजला. तो कुणीच बंद केला नव्हता. घरात पाहुणे होते. मी मागच्या दारी जाऊन उचलला.

"सुभेदार कुटं हाय?"

"त्यांचा घसा बसलाय, चाचा."

"बसणारच. लबाडी केली की घसा बसतोय. त्याला सांग, सुनावणी हुईपर्यंत स्थगिती. तवर सरावाच्या चाली खेळू. तू त्याच्या वतीनं बोल, त्यो तुज्या कानात सांगंल."

मी मान वळवून पाहिलं. मागच्या दारी कोरफडीची कुंडी होती. तिनं काही सांगितलं नाही. मी म्हणाले, "रहिमतपूर."

"रहिमतपूर? सरळ?" चाचांना धक्का बसला. "ताप हाय काय त्याला? सरळ वाटंवरलं स्टेशन कोण घेतंय? पोरी, त्याला झोपीव."

मी हजारो पुस्तकं वाचली आहेत. नकाशांची सूची केली आहे. पण त्या पंधरा दिवसांत मला एकही चाल धड खेळता आली नाही. मी कऱ्हाड म्हटलं तर तिथं गर्दी, मी मसूर म्हटलं तर ते डाळीच्या दिवशीच चालतं, मी वही उघडून नियम सव्वीस दाखवला तर चाचा म्हणाले, "वही बगून कोण खेळतंय? वही भांडण झाल्यावर उघडायची असती." रोज फोन ठेवताना ते म्हणत, "त्याला सांग, लवकर बोलता हो. तुज्याशी खेळण्यात मजा न्हाई." मी 'सांगते' म्हणत असे आणि पाहुण्यांसाठी चहाचं आधण ठेवत असे.

शेजारच्या रंगूबाई काकूंना हे सगळं तिसऱ्या दिवशीच कळलं, कारण आमची आणि त्यांची मागची भिंत सामाईक आहे. त्यांचं मत स्पष्ट होतं. "फोनवर असलं सांगायचंच न्हाई बाई. मानूस धाडायचा असतोय."

"कुणाला पाठवू, काकू?"

"कुनी न्हाई म्हनूनच म्हंते, जाऊ दे. तेवढाच एक मानूस हाय जगात ज्याच्या लेखी तुजा बाप जिता हाय. काय घाई हाय तुला?"

मी काकूंनी आणलेली पिठलं-भाकरी झाकून ठेवली.

पाचव्या दिवशी लेखी हरकत आली. चाचांनी तोंडी सांगून शाहजादीकडून टाइप करून घेतलेली, व्हॉट्सॲपवर. 'अर्जदार: बादशहा, तंबोरावाले, मिरज. जाबदार: सुभेदार आकाराम, सातारा. जाबदार यांनी दिनांक मजकुरी ताकारी येथे पाणी असताना, आठ स्टेशने गाळून, कोणतीही शिट्टी न देता माहुली गाठल्याचे त्यांच्या मुलीमार्फत कळविले आहे. तरी जाबदार यांनी कोणत्या मार्गाने प्रवास केला याचा खुलासा व्हावा.' खाली शाहजादीनं स्वतःची ओळ घातली होती: 'ताई, माफ करा, ते म्हणाले तसं लिहिलं.'

मी ही हरकत रविराजला दाखवली. रविराज रंगूबाईंचा मुलगा. तो वकिलाकडे कारकून आहे आणि कागद हातात आला की त्याचा चेहरा बदलतो. दोनदा वाचून तो म्हणाला, "मावशी, म्हणणं द्यावं लागेल."

"अरे, हा खेळ आहे."

"असू दे. मुदतीत म्हणणं दिलं नाही तर एकतर्फी निकाल होतो." मग त्याच्या लक्षात आलं. त्यानं चष्मा काढून पुसला. "फक्त एक अडचण आहे. जाबदार मयत आहेत."

"हो," मी म्हणाले.

"दावा त्यानं संपत नाही, मावशी. वारस रेकॉर्डवर घ्यायचे असतात. तसा अर्ज देऊ." आणि त्यानं खरोखर अर्ज टाइप करून आणला. सोबत मृत्यूचा दाखला जोडावा असं त्याचं म्हणणं होतं. तो अजून धड मिळाला नव्हता. पालिकेत मी दोनदा जाऊन आले होते. पहिल्यांदा दाखल्यावर 'आकाराम'चं 'अकाराम' झालं होतं. दुरुस्तीसाठी मयताचा स्वतःच्या सहीचा कागद आणा म्हणाले. मी बाबांची एक जुनी सही नेली तर खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "ही जुनी आहे. अलीकडची नाही का?" मी म्हणाले, नाही. त्यांनी वर पाहिलं आणि मग ओशाळून दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवलं.

दहाव्याच्या दिवशी घर भरलेलं असताना दारात फारूक उभा. चाचांचा मुलगा. एका हातात कापडात गुंडाळलेला तंबोरा, साताऱ्यात गाण्याच्या क्लासला द्यायचा होता तो, आणि दुसऱ्या हातात घशाचं औषध: ज्येष्ठमध, मध आणि तासगावच्या काळ्या मनुका. शाहजादीनं त्याला सांगितलं होतं, पण बापापुढं औषध नाकारायचं कसं म्हणून तो ते घेऊन आला होता. आत आला, हार घातलेल्या फोटोपुढे उभा राहिला आणि औषधाची बाटली कुठं ठेवावी हे त्याला कळेना. शेवटी त्यानं ती फोटोपुढंच ठेवली.

तंबोरा पाहून माझ्या चुलत्यांचा गैरसमज झाला. "भजनाचं आलं वाटतं. बसा, बसा. सुरू करा."

"मी बनवतो फक्त," फारूक म्हणाला. "गात न्हाई."

"मग लावून तरी ठेवा."

तो बिचारा खाली बसला आणि अर्धा तास तंबोरा छेडत राहिला. कुणी गायलं नाही. पण मला वाटतं, त्या पंधरा दिवसांत त्या घरात तेवढाच एक आवाज असा होता की ज्याला उत्तर द्यावं लागत नव्हतं. जेवून निघताना तो म्हणाला, "अब्बांना काय सांगू?"

"काय सांगणार?"

"सांगतो, बघितलं. शांत हायत. बोलत न्हाईत." तो चपला घालत म्हणाला, "ह्यात खोटं काय न्हाई."

मंगळवारी डॉक्टरनी चाचांचा डोळा तपासून छान आहे म्हणून सांगितलं. शाहजादीचा फोन आला. "ताई, आता तुमीच या. माझ्यानं हुणार न्हाई." बुधवारी सकाळच्या गाडीनं मी मिरजेला गेले. पिशवीत निळी वही होती, रविराजचा अर्ज होता. हे सांगायचं कसं याची मी गाडीत सहा वाक्यं तयार केली. सहाही चांगली होती.

तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत चाचांचं दुकान आहे. छताला वाळलेले भोपळे टांगलेले, खाली लाकडाचा भुसा आणि रंगाचा वास. आणि मध्ये सतरंजी अंथरून सुनावणीची सगळी तयारी. भिंतीशी काळा चष्मा लावून चाचा. बाजूला स्टुलावर बिराप्पा. हे भोपळे पुरवणारे सीमेकडचे म्हातारे गृहस्थ; त्यांना पंच नेमलं होतं. त्यांना फारूकनं बाहेरच सगळं सांगितलं असणार, कारण सुनावणी सुरू व्हायच्या आधीच पंचांचे डोळे लाल होते.

"बिराप्पा, काय झालं रं तुला?"

"पॉलिशचा वास," पंच म्हणाले.

चाचांनी माझ्या मागं पाहिलं. दरवाज्यात आणखी कुणी येतंय का, असं. "सुभेदार कुटं हाय?"

"आले नाहीत, चाचा."

"बगा! जाबदार गैरहजर." ते पंचांकडे वळले. "लिवा. बस पोरी. मग तूच सांग. घाबरायचं न्हाई, खरं बोलायचं. सोमवारी सुभेदार कुठनं निघाला?"

माझी सहा वाक्यं गेली. समोर फक्त प्रश्न होता, आणि प्रश्नाला उत्तर होतं.

"घरातून."

"किती वाजता?"

"सव्वाबारा."

"एकटा?"

"नाही. आम्ही सगळे होतो. शेजारचे होते. रेजिमेंटमधले दोघं आले होते."

"माणसं घिऊन निघाला!" चाचांना हा नवा डाव आवडला. "पायी?"

"गाडीतून. झोपून."

"झोपला म्हंजे मागं जाणार. मग?"

"मग पोवई नाका."

चाचा पुढं सरकले. सगळी हरकत इथं येऊन थांबली होती. "वरनं, का खालनं?"

"खालून," मी म्हणाले. "वर गर्दी होती. ड्रायव्हरनं गाडी खालच्या रस्त्याला घातली. आत दिवे लागले होते. एकदम गार होतं. कुणी बोलत नव्हतं. मी बाबांच्या डोक्याशी बसले होते. मला वाटलं, बाबांना हे आवडलं असतं."

चाचांनी मान माझ्याकडे वळवली.

"असतं?" चाचांनी विचारलं.

चोवीस वर्षं पुस्तकांत काढून मला कधी कळलं नव्हतं की माणूस गेल्याचं सांगायला त्या दोन डझन शब्दांची गरज नसते. 'आवडलं'च्या पुढं 'असतं' आलं की झालं.

"मग माहुली," मी म्हणाले. "स्टेशनात नाही गेलो, चाचा. संगमावर गेलो."

चाचांनी चष्मा काढला, हातात धरला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "म्हंजे पहिल्या दिशी तू खरंच सांगितलं हुतंस."

"हो."

"आन मी हसलो."

"हो, चाचा."

"शाहजादी," त्यांनी आत हाक मारली, "थेंब टाक गं डोळ्यात. येळ झाली."

वेळ झाली नव्हती. शाहजादी बाटली घेऊन आली आणि तिनं थेंब दोन्ही डोळ्यांत टाकले, ऑपरेशनच्याही आणि गेलेल्याही. मान मागं टाकून ते तसेच बसले. थेंब गालावरून खाली येत राहिले. दोन थेंबांच्या मानानं ते पुष्कळच आले.

"भुयारातनं गेला," वर भोपळ्यांकडे बघत चाचा म्हणाले. "म्हंजे चाल बरोबर हाय. पाणी ताकारीत हुतं, नाक्यावर नव्हतं. लबाड! हरकत मागं घेतो. बिराप्पा, लिवा. सुभेदार जिंकला."

बिराप्पांना लिहायला जमेना. म्हणून मी वही काढली आणि माझ्या हातानं लिहिलं. वही काढताना रविराजचा अर्ज खाली पडला. फारूकनं उचलून मोठ्यानं वाचला: जाबदार मयत असल्याने त्यांची वारस मुलगी राजनंदिनी हिला रेकॉर्डवर घेण्यात यावे.

चाचांनी तो दोनदा वाचायला लावला. मग म्हणाले, "हिला खेळता येत न्हाई."

"शिकंल," बिराप्पा म्हणाले. निकाल म्हणून पंच एवढंच बोलले.

संध्याकाळच्या गाडीनं मी परत निघाले. ताकारीला गाडी थांबली. कशासाठी ते कुणी सांगितलं नाही. मी खिडकीतून बाहेर पाहत होते. उसाचे तुरे, एक पाण्याची टाकी, दोन कुत्री. पंचवीस मिनिटांनी गाडी हलली. एवढ्या वेळात एक छोटी भुयारी रेल्वे सहज आखून झाली असती.

उतरले तेव्हा फलाटावर उजेड होता. पाटीवर मोठ्या अक्षरांत सातारा लिहिलं होतं. पलीकडं, झाडांच्या मागं, संगमाची बाजू होती. तिकडं मी पाहिलं नाही. फोन वाजला.

"पोचलीस?"

"पोचले, चाचा."

"कुटं?"

पाटी समोर होती. बाबा असते तर त्यांनी ती नापसंतीनं बघून खरं नाव सांगितलं असतं. मी पिशवीवरून हात फिरवला. आत वही होती.

"ताकारी," मी म्हणाले.

रिक्षावाले ओरडत होते, सातारा, सातारा.

"बुधवारी ताकारी बंद असती," चाचा शेवटी म्हणाले. आवाज बसलेला होता.

"असा नियम वहीत नाही, चाचा."

"मग लिव की."